सूट हवी, पण लेखी



पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींनी संयोजकांना विचारलं म्हणे, छपाईत काही घोटाळा झालाय का? व्याख्यानमाला म्हटली की शिवचरित्र असतं, संतसाहित्य असतं, मधुमेहावर बोलणारे एखादे डॉक्टर असतात. पालिकेच्या गाड्यांवर तासभर कोण ऐकणार? तरी तुम्ही आलात. घरी गरम हवा फेकणाऱ्या पंख्याखाली बसण्यापेक्षा मैदान बरं, असंही कारण असेल. मला ते चालतं.

माझी नोकरी लेखापरीक्षणातली. त्यामुळे धोरणाच्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा ते धोरण ज्या वहीत उतरतं ती वही माझ्या नजरेत आधी भरते. त्या वहीकडे आपण येऊच, आधी नियम बघू.

महाराष्ट्राचं विद्युत वाहन धोरण जुलै २०२१ मध्ये जाहीर झालं. त्यात एक कलम होतं: एप्रिल २०२२ पासून प्रमुख शहरांत चालणारी नवी सरकारी गाडी, विकतची असो की भाड्याची, विजेवरचीच असेल. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी ती तारीख अलीकडे ओढून १ जानेवारी २०२२ केली. सरकारी खात्यांबरोबर नागरी स्थानिक स्वराज्य संस्थाही त्यात आल्या, म्हणजे आपली सोलापूर महापालिकाही आली.

आली का, हा खरा प्रश्न आहे. कारण प्रमुख शहरं कोणती? याच धोरणात सार्वजनिक वाहतुकीचा चौथा हिस्सा २०२५ पर्यंत विजेवर आणायचा म्हणून सहा शहरं नेमली होती: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, अमरावती. त्यात सोलापूर नाही. पण चार्जिंग केंद्रांची यादी काढली तर तिथे मुंबईपुढे १५००, पुण्यापुढे ५००, अमरावतीपुढे ३० आणि शेवटी सोलापूरपुढे २० असा आकडा आहे. म्हणजे एका यादीत आपण शहर आहोत आणि दुसरीत नाही. अशी जागा प्रशासनाला फार सोयीची असते. निधी येणार असेल तर आम्ही प्रमुख, बंधन येणार असेल तर आम्ही आपले साधे.

त्यात योगायोग बघा. नियम आला जानेवारीत आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. मग निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकांची. 'साहेब, ही नवी गाडी डिझेलची का घेतली?' असं सभागृहात उभं राहून विचारायला माणूसच नव्हता.

माझी तक्रार डिझेलची गाडी घेतली याबद्दल नाही. काही गाड्या आज डिझेलच्याच हव्यात, असं मी पुढे सांगणार आहे. तक्रार अशी आहे की सूट मागायला आपल्याकडे खिडकीच ठेवली नाही. खिडकी नसली तरी सूट घेतली जातेच. निविदेत 'डिझेल' हा शब्द टंकला की मिळाली सूट. अर्ज नाही, कारण नाही, मुदत नाही, सही नाही. आणि सही नाही म्हटल्यावर लेखापरीक्षकाला आक्षेप घ्यायलाही जागा नाही.

याच्या उलट प्रकार अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात झाला. तिथल्या हवा मंडळाने २०२३ मध्ये नियम केला की राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या ताफ्यात मध्यम व जड गाड्या नव्याने घेताना २०२४ पासून निम्म्या शून्य-उत्सर्जनाच्या घ्यायच्या, पुढे सगळ्याच. त्यावर तिथल्या शहरांनी, जिल्ह्यांनी, पाणीपुरवठा मंडळांनी आरडाओरडा केला. आम्हाला बर्फ काढायचा आहे, जंगलातले वणवे विझवायचे आहेत, फुटलेली जलवाहिनी मध्यरात्री जोडायची आहे, कसं जमायचं? त्या ओरडण्यातून नियमाला सवलतींची मोठी शेपटी फुटली. आपत्कालीन गाड्यांना नियमच लागू नाही. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या छोट्या संस्थांना २०२७ पर्यंत सवड. हवी ती गाडी बाजारात विजेवर मिळतच नसेल तर तसा पुरावा द्या. चार्जिंगची जोडणी वीज कंपनीमुळे रखडली असेल तर तिचं पत्र जोडा. शेजारच्या जिल्ह्यात आपत्ती आली तर मदतीला जाणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद.

मला यातली सगळ्यात आवडलेली सवलत आहे ती रोजच्या वापराची. 'आमची गाडी दिवसाला इतकी पळते की बॅटरी पुरणार नाही' असं म्हणायचं असेल, तर सलग ३० कामाच्या दिवसांची धाव दाखवा. त्यातले सगळ्यात जास्त धावेचे तीन दिवस वगळा, कारण असे दिवस अपवादाने येतात. उरलेल्यांतला मोठा आकडा बॅटरीला झेपत नसेल तर घ्या सूट. भावनेला वाव नाही, आकडा बोलतो.

आणखी एक गोष्ट तिथे घडली. जानेवारी २०२५ मध्ये, वॉशिंग्टनमधलं सरकार बदलण्याच्या तोंडावर, कॅलिफोर्नियाने खासगी वाहतूकदारांना लागू असलेल्या भागासाठी केंद्राकडे केलेला परवानगीचा अर्ज मागे घेतला. खासगी ताफ्यांवरचा नियम त्यामुळे बारगळला, सरकारी ताफ्यांवरचा मात्र उभा राहिला. दुसऱ्याने कोणती गाडी घ्यावी हे सांगायला राज्याला केंद्राची मान्यता लागते, पण स्वतःच्या पैशाने आपण काय घ्यावं हे ठरवायला लागत नाही. पालिकेच्या ताफ्याचं महत्त्व यातच आहे. तिथे सरकारला कुणाचं मन वळवावं लागत नाही, फक्त स्वतःचं.

आता आपल्याकडची ती वही. सरकारी गाडीत चालकाच्या सीटजवळ लॉगबुक असतं. तारीख, निघतानाचं मीटर, परतल्यावरचं मीटर, कुठून कुठे, कोणत्या कामासाठी, किती डिझेल भरलं, आणि शेवटी गाडी वापरणाऱ्याची सही. मी अशी पुष्कळ उलटली आहेत. एका ठिकाणी, गाव सांगत नाही, महिनाभराच्या सगळ्या नोंदी एकाच बसणीत, एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात लिहिलेल्या होत्या. जीप रोज बरोबर ६० किलोमीटर चालायची. रविवारीही ६०. क्लच प्लेट बदलायला ती ज्या दोन दिवशी गॅरेजमध्ये उभी होती, त्या दोन दिवशीही ६०. गॅरेजचं बिल त्याच फायलीत, दोन पानं पुढे, व्यवस्थित टाचलेलं.

हसू नका. कॅलिफोर्निया जे ३० दिवसांचे आकडे मागते, ते आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळापासूनच्या शिस्तीने प्रत्येक गाडीत लिहिले जातात, किंवा लिहिले जायला हवेत. आता तर गाड्यांना जीपीएसही असतं. कोणती गाडी विजेवर जाऊ शकते हे ठरवायला सल्लागार कंपनी नको. लॉगबुक खरं असेल तर एक कारकून दोन दुपारांत यादी काढेल.

ती यादी आपण इथेच काढून बघू. सकाळी तुमच्या गल्लीत येते ती घंटागाडी घ्या. आसरा चौकाकडून आत वळते, गाणं लावते, दहा घरांपुढे थांबते. ओला-सुका डबा रिकामा होईपर्यंत इंजिन न्यूट्रलमध्ये धडधडत राहतं. मग पंधरा पावलं पुढे, पुन्हा ब्रेक, पुन्हा थांबा. गाडीमागे उभा असलेला कामगार तो धूर तासन् तास छातीत घेतो. त्याच्या नाकापासून सायलेन्सर हाकेच्या नाही, हाताच्या अंतरावर. डिझेल इंजिनाला या कामाइतकं वाईट काम नाही. बॅटरीच्या गाडीला याच्याइतकं सोयीचं काम नाही, कारण थांबलेली असताना ती काही जाळत नाही आणि ब्रेक मारताना थोडी वीज परत मिळवते. ठरलेली गल्ली, ठरलेली वेळ, दुपारनंतर गाडी मोकळी. हिला सूट कोणत्या कारणाने द्यायची? मला एकही सापडत नाही. मोठा कॉम्पॅक्टर मात्र वेगळा. जुळे सोलापूरचा कचरा घेऊन त्याला अख्खं शहर ओलांडून तुळजापूर रोडच्या डेपोवर जायचं असतं, वर कचरा दाबायच्या यंत्रालाही ताकद लागते. त्याच्यासाठी ३० दिवसांचे आकडे मांडा, मग बोलू.

दुसरी गाडी साहेबांची. घर ते महापालिकेचं इंद्रभवन, तिथून जिल्हाधिकारी कार्यालय, तिथून एखादी साइट, परत इंद्रभवन. बाकी वेळ ती झाडाखाली उभी असते. चार्जिंगला लावायला याहून सोपी गाडी शोधून सापडायची नाही. 'साहेबांना अचानक मुंबईला जावं लागतं' हे कारण नेहमी पुढे येतं. जातात की. पण महिन्यातून किती वेळा? वगळायचे तीन दिवस त्यासाठीच तर आहेत! माझा अनुभव असा की कोणतीही नवी गोष्ट सुरू करताना आपण ती घंटागाडीच्या चालकापासून सुरू करतो आणि साहेबांच्या दारात पोहोचेपर्यंत योजनेची मुदत संपते.

तिसरी गाडी आगीचा बंब. इथे मात्र मी हात जोडून सूट मागेन. १८ मे २०२५ ची पहाट आपण कुणीच विसरलेलो नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. तासन् तास पाण्याचा मारा चालला होता. बंब तिथे नुसता पोहोचून भागत नाही, उभा राहून पंप चालवत राहावा लागतो, आणि पाणी संपलं की भरून परत यावं लागतं. विजेवरचे बंब जगात आहेत. बर्लिनमध्ये आहेत, लॉस एंजेलिसने २०२२ मध्ये एक घेतला. पण त्यांच्याही पोटात डिझेलचं छोटं इंजिन ठेवलेलं असतं, बॅटरी उतरली तर पंप थांबू नये म्हणून. ज्यांच्याकडे पैसा आहे तेही तिथे धोका पत्करत नाहीत, तर आपण का पत्करावा?

तसंच पुराचं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी कोपली तेव्हा लांबोटीला पुणे रस्ता बंद झाला आणि तुमच्या या विजापूर रोडवर पुढे वडकबाळकडे पाणी आलं. अशा दिवसांत गावोगावची वीज आधी जाते. जी गाडी वीज गेल्यावर धावायची आहे ती विजेवर अवलंबून ठेवू नये, हे कळायला अभियंता लागत नाही. आषाढीला जिल्ह्यातून टँकर आणि सफाईच्या गाड्या पंढरपुरात धाडाव्या लागतात, तिथेही चार्जिंगची रांग लावून चालणार नाही. या सगळ्या सवलती मी आनंदाने देईन. फक्त प्रत्येकीवर गाडीचा क्रमांक, कारण आणि फेरविचाराची तारीख हवी. आज गटारं साफ करणारा जेटिंग मशीनचा ट्रक विजेवरचा परवडत नाही, म्हणून २०३५ मध्येही तो परवडणार नाही असं धरून चालू नका.

लेखी सूट द्यायला आपल्याला येत नाही असंही नाही. जानेवारी २०२३ ची केंद्राची अधिसूचना बघा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द. केंद्र, राज्य, महापालिका, पंचायती, परिवहन उपक्रम, सगळे नाव घेऊन त्यात आले. आणि सूट कुणाला? देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती व इतर खास गाड्यांना. बस, इतकंच. कुणाला सोडलं हे नियमातच लिहिलं, म्हणून बाकीच्यांना पळवाट उरली नाही. पालिकेचे बंब मात्र त्या सवलतीत नाहीत. किलोमीटरचे आकडे पाहता बंब फारसा पळालेला नसतो, पण पंधरा वर्षं झाली की तो भंगारात. म्हणजे जिथे सूट द्यायला हवी होती तिथे नियम कडक आणि विजेच्या गाड्यांच्या बाबतीत नियम असूनही मोकळं रान.

आता बसकडे येतो, कारण सोलापूरकराचं खरं दुखणं तिथे आहे. परिवहन उपक्रमाचं नाव काढलं की लोक हसतात, आणि त्या हसण्याला इतिहास आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून नव्या कोऱ्या बस आल्या, मिरवल्या आणि थोड्याच काळात त्यातल्या अनेकींच्या चासीला तडे गेले. सातरस्त्याच्या डेपोत त्या रांगेने उभ्या राहिल्या, वाद लवादापर्यंत गेला, आणि शहर शेअर रिक्षात बसायला शिकलं. हे ज्यांनी पाहिलं त्यांना 'नवं तंत्रज्ञान' म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यांना मी मागासलेले म्हणणार नाही. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

२०१९ मध्ये केंद्राच्या फेम योजनेत विजेच्या बस मंजूर झाल्या त्या यादीत मुंबईला ३००, पुण्याला १५० आणि सोलापूरला २५ होत्या. त्या पंचवीसपैकी एकीत कधी बसल्याचं कुणाला आठवत असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला जरूर भेटा. मग ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा आली, देशात १०,००० बस, आणि त्यात आपल्या नावावर १००. या योजनेत पालिका बस विकत घेत नाही. कंपनी बस आणते, चालवते, दुरुस्त करते आणि पालिका तिला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. केंद्र त्यात दहा वर्षं भर घालतं, बारा मीटरच्या बसला किलोमीटरला २४ रुपये, नऊ मीटरच्या बसला २२. चासीला तडा गेला तर तो कंपनीच्या डोक्याला ताप, आपल्या नाही. जुन्या धड्यावरून इतकं तरी शिकलो म्हणायचं.

पण नीट ऐका, धोका नाहीसा झालेला नाही, त्याने जागा बदलली आहे. आता तो हिशेबात आहे. करारात ठरलेले किलोमीटर बस चालली, आत माणसं असोत की नसोत, पैसे द्यायचे. रिकामी बस विजापूर रोडवर फिरली तरी मीटर चालूच. आपल्यासारख्या पालिका पैसे थकवतील या भीतीने कंपन्या निविदा भरायला कचरत होत्या, म्हणून केंद्राला २०२४ मध्ये ३,४३५ कोटींचा हमी निधी उभारावा लागला. पालिकेने थकवलं तर त्यातून कंपनीला मिळणार आणि ते मग राज्याकडून वसूल होणार. यापुढे बसचा प्रश्न गॅरेजचा कमी आणि मार्ग आखणाऱ्याचा जास्त आहे. सकाळी सात वाजता सैफुलहून एमआयडीसीला जाणाऱ्या कामगाराला बस मिळाली तरच ते पैसे वसूल.

कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो: शून्य-उत्सर्जन म्हणजे शून्य कुठे? आपल्या जिल्ह्यातच, दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा प्रकल्प आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच, कोळशावर चालणारे. गल्लीतला धूर गेला तरी गाडीची वीज कुठल्या तरी धुराड्यातून येणारच. ती नेमकी फताटेवाडीचीच असेल असं नाही, वीज सगळ्या देशाच्या जाळ्यातून फिरते. तरी फताटेवाडीच्या शेतकऱ्याने हा मुद्दा काढला तर तो रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की एका धुराड्यावर गाळणी बसवणं आणि नजर ठेवणं शक्य असतं. गल्लीगल्लीत फिरणाऱ्या शेकडो सायलेन्सरवर ते शक्य नाही. आणि सोलापूर हे केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात, म्हणजे हवा ठरलेल्या मापात बसत नाही अशा शहरांच्या यादीत आहे, हे विसरू नका.

सुरुवातीला जुन्या धोरणाबद्दल बोललो, तर नव्याबद्दलही सांगतो. राज्याचं नवं धोरण एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालं, ते २०३० पर्यंत आहे. त्यात विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. या तिन्हींत आपला सोलापूर-पुणे रस्ता नाही, तेव्हा सोलापूरकराने फार हुरळून जायचं कारण नाही.

शेवटचा दाखला दिल्लीचा, कारण सवलतीला किंमत लावली की काय होतं ते तिथे दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये सांगितलं की ३१ मार्च २००१ पर्यंत शहरातल्या सगळ्या बस सीएनजीवर आणा. तारीख आली, बस आल्या नव्हत्या, मुदतवाढीमागून मुदतवाढ मागितली गेली. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने डिझेल बसवर रोजचा ५०० रुपये दंड लावला, महिनाभराने तो हजार होणार होता. त्याच वर्षाच्या अखेरीला डिझेलच्या बस शहरातून गेल्या. मुदतवाढ फुकट होती तोवर सगळ्यांना अडचणी होत्या.

आता तुम्ही काय करायचं, तर मोर्चा वगैरे नको. सभागृहात पुन्हा नगरसेवक आले आहेत. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एक यादी मागायला सांगा: १ जानेवारी २०२२ नंतर पालिकेने घेतलेली किंवा भाड्याने लावलेली प्रत्येक गाडी, तिचं इंधन, आणि ती विजेवरची नसेल तर कुणाच्या सहीने व कोणत्या कारणाने. तो टाळाटाळ करू लागला तर माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात लॉगबुकच्या प्रतीही मागा, पण अख्ख्या वर्षाच्या नको. पानाला दोन रुपये पडतात. एका महिन्याच्या पुरेत. रोज ६० किलोमीटर दिसले तर मला कळवा.

आता प्रश्न विचारा. टोलबद्दलचा नको, तो माझ्या हातात नाही.